विश्लेषण : एअरसॉफ्ट रायफल घरी रंगवणे ब्रिटनमध्ये गुन्हा का ठरू शकते?

एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांसाठी रायफलचा जुना रंग उतरवून तिला मनासारखा नवा रंग देणे ही हौस असते. त्यासाठी फार खर्च येत नाही आणि काम घरच्या अंगणात होते. पण ब्रिटनमध्ये भडक निळी वा नारिंगी रायफल काळी किंवा खाकी केली, तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. खेळण्याच्या रंगाशी कायद्याचा संबंध काय आणि ज्यांना मुभा आहे ते हे काम कसे करतात, याविषयी…

एअरसॉफ्ट म्हणजे काय?

एअरसॉफ्ट रायफल हुबेहूब खऱ्या बंदुकीसारखी दिसते, पण तिच्यातून सहसा ६ मिलिमीटर व्यासाची प्लास्टिकची गोळी सुटते. हा खेळ जपानमध्ये १९७० आणि ८०च्या दशकात रुजला. तेथे सामान्य नागरिकाला खरी बंदूक बाळगणे जवळपास अशक्य असल्याने प्रतिकृतींची हौस वाढली. १९९१ मध्ये ‘टोकियो मारुई’ कंपनीने बॅटरीवर चालणारी रायफल आणली आणि खेळ जगभर पसरला. प्रतिकृतींवर रंगाचे बंधन घालण्याची सुरुवातही जपानमध्ये झाली होती. १९७१च्या कायदादुरुस्तीने तेथे धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग देणे आणि त्यांची नळी बुजवणे बंधनकारक केले.

ब्रिटनचा कायदा काय सांगतो?

२००६च्या हिंसक गुन्हे प्रतिबंधक कायद्याने ‘खरी वाटणारी नकली बंदूक’ हा स्वतंत्र वर्ग केला. अशी बंदूक बनवणे, विकणे, आयात करणे यांवर बंदी आली. साध्या नकली बंदुकीत फेरफार करून ती खरी वाटेल अशी करणे हाही गुन्हा ठरवला गेला. १ ऑक्टोबर २००७ पासून या तरतुदी लागू झाल्या. बंदूक पारदर्शक असेल किंवा तिचा मुख्य रंग भडक लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा वा निळा असेल, तर ती खरी वाटणारी मानली जात नाही. म्हणूनच तेथील दुकानांत निम्म्याहून अधिक भाग भडक रंगाने झाकलेल्या ‘टू-टोन’ रायफली दिसतात. अठरा वर्षांखालील मुलांना कोणतीही नकली बंदूक विकता येत नाही.

मग रंग बदलण्याची मुभा कोणाला?

नाटक, चित्रपट, संग्रहालये आणि ऐतिहासिक प्रसंगांचे प्रयोग यांना कायद्यात सूट आहे. विमा असलेल्या अधिकृत मैदानावर एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांनाही ती मिळते. प्रत्यक्षात खेळाडू ‘उकारा’ या विक्रेत्यांच्या संघटनेच्या नोंदणीचा आधार घेतात. त्यासाठी एकाच मैदानावर किमान ५६ दिवसांच्या काळात तीन वेळा खेळलेले असावे लागते. अशा नियमित खेळाडूने खेळासाठी आपली टू-टोन रायफल काळी केली, तर त्याच्याकडे कायदेशीर बचाव असतो. नुकतीच हौस म्हणून रायफल घेतलेल्याने तेच केले, तर त्याच्याकडे तो नसतो. दोघांनी वापरलेला स्प्रेचा डबा एकच असला तरी कायद्याच्या लेखी पहिल्याने रंगकाम केले आणि दुसऱ्याने बंदी असलेली वस्तू तयार केली.

जुना रंग कसा उतरवतात?

आधी मॅगझिन काढायचे, आत अडकलेली गोळी सुरक्षित दिशेने सोडायची आणि मग बॅटरी वेगळी करायची. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मॅगझिन काढले तरी एखादी गोळी आत राहू शकते. त्यानंतर दस्ता, मूठ आणि पुढचे आवरण सुटे करतात. आतल्या गिअरबॉक्सला हात लावण्याची गरज नसते.

बहुतेक रायफलींचे बाह्य भाग एबीएस प्लास्टिकचे किंवा नायलॉनचे असतात. घाईत इथेच चूक होते. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणातले अ‍ॅसिटोन किंवा रंगवाल्याकडचे थिनर एबीएसवर पडले, तर रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळून चिकट होते. म्हणून बरेच जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहायचे, रंग मऊ झाला की जुन्या टूथब्रशने घासून काढायचा. दुकानदाराने काळ्या रायफलवर वरून भडक रंग मारलेला असेल तर तो असा निघतो. प्लास्टिकच मुळात रंगीत असेल तर उतरवण्यासारखे काही नसते, थेट वरून रंगवावे लागते.

नवा रंग टिकतो कशाने?

टिकाऊपणा पूर्वतयारीवर ठरतो. पृष्ठभाग ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासतात, साबणाच्या पाण्याने तेलकटपणा घालवतात आणि पूर्ण वाळू देतात. नळीचे तोंड, मॅगझिनची खाच, ट्रिगर आणि बटणे मास्किंग टेपने झाकतात. मग प्लास्टिकसाठीचा प्रायमर आणि त्यावर वीस-तीस सेंटिमीटर अंतरावरून मॅट रंगाचे पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात आणि तो भाग पुढे पोपडे धरतो. झाडीत मिसळून जाणारी नक्षी हवी असेल तर खरी पाने किंवा जाळीचे कापड ठेवून वरून दुसरा रंग मारतात. शेवटी मॅट लॅकर. हाताला कोरडा लागला तरी रंग पक्का व्हायला काही दिवस जातात. स्प्रेच्या डब्यातला वायू ज्वलनशील असल्याने हे काम मोकळ्या हवेत, गॅस-शेगडीपासून दूर आणि मास्क लावून करायचे.

रंगाबद्दल एवढा कठोरपणा का?

याचे उत्तर अमेरिकेत मिळते. तेथे १९८८च्या संघीय कायद्याने नकली बंदुकांच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण सक्तीची केली. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी ओहायोतील क्लीव्हलँड शहरात बारा वर्षांचा तामिर राइस उद्यानात एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन होता. त्यावरची नारिंगी खूण नव्हती. पोलिसांना फोन करणाऱ्याने पिस्तूल बहुधा नकली असावे असे म्हटले होते, पण ते घटनास्थळी निघालेल्या पोलिसांपर्यंत पोहोचले नाही. गाडी पोहोचल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी तामिरचा मृत्यू झाला. पोलिसावर आरोप ठेवले गेले नाहीत. शहराने २०१६ मध्ये कुटुंबाला ६० लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

त्याआधी, २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे तेरा वर्षांच्या मुलाचा असाच मृत्यू झाला होता. त्याच्या हातात एके-४७ सारखी दिसणारी एअरसॉफ्ट रायफल होती आणि तिच्यावरही नारिंगी टोक नव्हते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून एअरसॉफ्ट बंदुकांच्या टोकाखेरीज इतर भागांवरही भडक रंगाच्या खुणा बंधनकारक केल्या.

रंगवून झाल्यावर काय?

ब्रिटनमध्ये रंगवण्याची मुभा असलेल्या खेळाडूलाही सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे घर ते मैदान हा प्रवास रायफल बंद पिशवीत ठेवूनच करावा, असे खेळाडूंना सांगितले जाते. ताजा रंग वाळत घालतानाही हेच लागू होते. रस्त्यावरून दिसेल अशा गॅलरीत टांगलेली काळी रायफल प्लास्टिकची आहे, हे शेजाऱ्याला कळायला मार्ग नसतो. ते सांगणारा भडक रंग मालकाने नुकताच झाकलेला असतो.