श्वास घ्या, माइक बंद ठेवा

मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीत गुपित राहणं कठीण. लाकडी घरं, गल्लीला खेटलेले व्हरांडे, बाहेरूनच वर चढणारे जिने. समोर कुठला मासा तळला जातोय, ते या घरात वासावरून ओळखतात. अशा ठिकाणी लॅपटॉप उघडून अनोळखी माणसाला ‘हल्ली छातीत फार धडधडतं’ असं कसं सांगायचं? म्हणूनच मन-शरीर उपचारांच्या ऑनलाइन सत्रात पहिला प्रश्न मनाबद्दल नसतोच. तो असतो, ‘खोलीत एकटेच आहात ना?’ कुणी आत आलंच तर विषय बदलायचा एक परवलीचा शब्दही काही समुपदेशक आधी ठरवून घेतात.

दुसरा प्रश्न पत्त्याचा, आणि जवळच्या एका माणसाच्या फोन नंबरचा. ही चौकशी भोचकपणाची नव्हे. पडद्यापलीकडे तुम्हाला चक्कर आली, तर मदत पाठवायची कुठे? वाडीकरांनी गल्लीचं वळणही सांगून ठेवावं.

मग विचारतात दमा, रक्तदाब, झोप, चालू औषधं, जुनी दुखणी. यातलं काहीही न विचारता जो थेट श्वास रोखायला लावतो, त्याला माझ्या मते नमस्कार करून लॅपटॉप मिटावा.

‘भीती वाटते तेव्हा आधी कुठे कळतं? पोटात, खांद्यात की जबड्यात?’ हा प्रश्न आला की कॅमेरा मागे सरकवायला सांगतात, कारण नुसत्या चेहऱ्यावरून श्वास दिसत नाही. पुष्कळदा सुरुवात मूठ घट्ट आवळून सैल सोडण्यापासून होते. ही युक्ती अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची, त्यांचं पुस्तक 1929 चं. स्नायू ताठ आहे हेच मुळात आपल्याला कळत नसतं. आवळून सोडला की फरक जाणवतो.

आता खास वाडीसाठी राखून ठेवलेली गंमत. 2001 मध्ये इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना आलटून पालटून दोन गोष्टी म्हणायला लावल्या: लॅटिनमधली रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, आणि ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. जिथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि पाठारे प्रभू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले, तिथे हे ऐकून कुणी भुवई उंचावणार नाही. ऑनलाइन सत्रात पडद्यावर फुगणारं-आकसणारं वर्तुळ दाखवतात, ते याच संथ लयीसाठी. आजीला वर्तुळ लागत नव्हतं, माळ पुरायची.

आणि हे मोजमापाचं वेडही काही परकं नाही. स्वामी कुवलयानंदांनी (मूळचे जगन्नाथ गणेश गुणे) 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि उड्डियान, नौली या योगक्रिया करणाऱ्यांची चक्क क्ष-किरण तपासणी केली. 1932 मध्ये त्यांचं केंद्र मुंबईत आलं. आज ते मरीन ड्राइव्हवर आहे, वाडीतून चालत जाण्याइतकं जवळ.

पडद्यावर एक गोष्ट मात्र साफ फसते: सामूहिक ओंकार. प्रत्येकाचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दहा जणांचा ओम म्हणजे दहा दिशांना पळणारी वरात. म्हणून शिक्षक सगळ्यांचे माइक बंद करतात आणि तुम्ही घरात एकटेच घुमता. स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकटही लपवून टाका. सतत आरशासमोर बसल्यासारखं वाटून माणूस थकतो, असं स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलं.

हे सगळं करोनानं आणलं, असं वाटत असेल तर थांबा. अमेरिकेत नेब्रास्काच्या मानसोपचार संस्थेत 1959 मध्येच दोन्ही बाजूंना दिसेल अशा टीव्हीवरून सामूहिक उपचार झाले होते. आपल्याकडे टेलिमेडिसिनची नियमावली आली ती मात्र 25 मार्च 2020 ला, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी. तिच्यानुसार डॉक्टरनं औषधाच्या चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक द्यायलाच हवा. समुपदेशक औषधं लिहून देत नाही. त्याला शिक्षण आणि अनुभव बेधडक विचारावा. खरा असेल तर रागावणार नाही.

पैसे मोजण्याआधी नुसतं बोलून पाहायचं असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर आहे. 2022 च्या 10 ऑक्टोबरला सुरू झालेली, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही.

वेळ ठरवताना कॅलेंडर मात्र बघा. गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रेचे ढोल वाजत असताना मिनिटाला सहा श्वास घेऊन दाखवणारा माणूस भेटला, तर त्याला सत्राची गरज नाही, त्यानं शिकवणी काढावी.