शीक हो पोरी, पण नोकरी मागू नकोस!

स्वीडनमध्ये एके काळी पत्रिका जुळली नाही तरी चालायचं, प्रश्नोत्तरी मात्र पाठ हवी! १६८६च्या चर्च कायद्याने फर्मानच काढलं की घरातल्या लेकी-सुना, मोलकरणी, गडीमाणसं, सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. पाद्रीबुवा घरोघरची परीक्षा घेत आणि कोण कसं वाचतं ते वहीत टिपून ठेवत. धर्माची प्रश्नोत्तरी येत नसेल, तर लग्नाला आडकाठी. गावात शाळा नसेल तिथे मास्तरकी बहुधा आईकडे. पण लिहिण्याची सक्ती नव्हती! त्यामुळे घडाघडा वाचणाऱ्या, पण स्वतःची सही न येणाऱ्या बायका (आणि पुरुषही) अठराव्या शतकात गावोगाव सापडत. प्रत्येक परगण्यात शाळा हवी, हा कायदा आला थेट १८४२ मध्ये.

राजघराण्याची गोष्टच वेगळी. राजा गुस्ताव अडॉल्फने सांगून ठेवलं होतं की लेकीला राजपुत्रासारखं शिकवा. १६३२ मध्ये तो लढाईत पडला आणि ही लेक, क्रिस्तिना, सहाव्या वर्षाच्या आत राणी झाली. (त्याच वर्षी बिशप रुडबेकियसने व्हेस्तेरोसला मुलींची शाळा काढली.) पुढे या राणीने तत्त्वज्ञान शिकायला नामवंत तत्त्वज्ञ देकार्तला फ्रेंच राजदूतामार्फत स्टॉकहोमला बोलावून घेतलं. शिकवणीची वेळ पहाटे पाचची, तीही स्वीडिश हिवाळ्यात! उशिरापर्यंत अंथरुणात लोळायची सवय असलेले देकार्त फेब्रुवारी १६५० मध्ये न्यूमोनियाने गेले. विद्यार्थिनी मास्तरांना इतकी महागात पडल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

फ्रेद्रिका ब्रेमर यांच्या ‘हेर्था’ या कादंबरीने १८५६ मध्ये खळबळ उडवली. तिचा रोख या नियमावर : अविवाहित बाई कितीही वयाची असो, कायद्याने अज्ञान. बापभाऊ म्हणतील तसं. दोनच वर्षांत कायदा थोडा सैल झाला आणि १८६१ मध्ये स्टॉकहोमला शिक्षिकांसाठी सरकारी अध्यापन विद्यालय निघालं.

आता खरी मजा. १८७० पासून मुलींना विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा देता येऊ लागली, पण तिची तयारी करून घेणाऱ्या सरकारी शाळा मुलग्यांच्या. त्यांचं दार मुलींना उघडलं १९२७ मध्ये. मधली ५७ वर्षं फी भरा, खासगी शाळेत शिका, नाहीतर घरी मास्तर ठेवा. विद्यापीठातही आधी परवानगी फक्त वैद्यकाची. विसबीच्या खोगीर बनवणाऱ्याची लेक बेट्टी पेटरसन हिला मात्र भाषा शिकायच्या होत्या! तिने थेट राजाकडून खास परवानगी मिळवली, १८७२ मध्ये उप्सालाला नाव घातलं आणि १८७५ मध्ये पदवी घेतली. तेव्हा ती सदतिशीच्या आसपास होती. देशातली ही पहिली विद्यापीठ-विद्यार्थिनी पुढे स्टॉकहोममध्ये मुलग्यांना शिकवू लागली.

रशियाची गणिती सोफिया कोवालेवस्काया १८८४ पासून स्टॉकहोमच्या नव्याकोऱ्या, खासगी उच्चविद्यालयात शिकवू लागली. पहिल्या वर्षी जर्मनमधून, मग थेट स्वीडिशमधून. नाटककार स्ट्रिंडबर्गने लिहून टाकलं की बाई प्राध्यापक म्हणजे विचित्र विकृतीच. बाईंनी १८८९ मध्ये कायमचं प्राध्यापकपद मिळवलं.

सरकारी विद्यापीठात एवढं सोपं नव्हतं. एल्सा एशेल्सन १८९७ मध्ये कायद्याच्या डॉक्टर झाल्या, देशातल्या पहिल्या. प्रबंधाचा विषय : कायद्याच्या नजरेतून ‘बक्षीस’ म्हणजे काय. उप्सालात त्या शिकवायच्या, पण प्राध्यापक होता येईना. कारण राज्यघटनेनुसार सरकारी पदं ‘स्वीडनमध्ये जन्मलेल्या पुरुषां’साठी. कायद्याच्या पंडिताला कायद्यानेच अडवलं! सरकारी नेमणुकीची पहिली स्त्री प्राध्यापक व्हायला १९३७ उजाडलं : कॅरोलिन्स्का संस्थेच्या डॉक्टर नान्ना स्वार्ट्स.

आणि त्या १८६१च्या अध्यापन विद्यालयाचं पुढे काय झालं? तिथून शिकून सेल्मा लागरलॉफ नावाची तरुणी लांड्सक्रोनाच्या मुलींच्या शाळेत दहा वर्षं शिकवत राहिली. पुढे शिक्षकांच्या संघटनेने तिला भूगोलाचं वाचनपुस्तक लिहायला सांगितलं. तिने एका खोडकर पोराला हंसाच्या पाठीवर बसवून अख्खा देश फिरवला. तेच ‘नील्स होल्गरसन’. १९०९ मध्ये साहित्याचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री. १९९१ पासून वीस क्रोनरच्या नोटेवर पुढे बाई, मागे हंसावरचा नील्स. २०१५ मध्ये त्या नोटेवर आल्या लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन आणि सोबत त्यांच्या पुस्तकातली पिप्पी : बाकीच्यांना नाताळची सुट्टी मिळते, आपल्याला नाही, एवढ्यासाठी शाळेत गेलेली आणि एका दिवसात शाळेला रामराम ठोकलेली.