पाट्यांची जागा हलविण्यापूर्वी

मालवाहू गाडी चालविणारे आणि गाडीने माल मागविणारे असे दोन्ही प्रकारचे लोक हे पान वाचतात. आम्ही दुसऱ्या प्रकारातले, कापडाचे व्यापारी. मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूरकडून निघालेल्या गाठी हिवरा आश्रमसारख्या गावापर्यंत येतात त्या ट्रकच्या आणि पिकअपच्या पाट्यांवर बसूनच. इंजिनाची चर्चा सगळे करतात, टायरचा भाव सगळ्यांना पाठ असतो. पाट्याकडे मात्र तो तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. तुटला की मिस्त्रीला हुकूम सुटतो, “उस्ताद, दोन पाटे जादा टाका, ब्रॅकेट जरा सरकवा, गाडी उंच करून द्या.” या एका वाक्यात किती जोखीम आहे ते येथे मांडावयाचे आहे. मिस्त्रीकाम आमचा पेशा नव्हे. परंतु घरच्या आणि भाड्याच्या गाड्यांमागे आमची वर्षे गेली आहेत आणि पाटेवाल्यांच्या दुकानातील बाकावर बसून आम्ही पुष्कळ विचारपूस केली आहे.

गाडी उंच हवी ही मागणी मूर्खपणाची नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मेहकर तालुक्याचा आपला भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत दगडासारख्या कडक होतात, आणि नेमके तेव्हाच सोयाबीन आणि कापूस शेतातून बाहेर काढावयाचा असतो. एक चाक चाकोरीत आणि दुसरे धुऱ्यावर, अशा अवस्थेत भरलेली गाडी चालली की एक्सल एका अंगाला चढतो आणि चेसिसला पीळ पडतो. मधला गोळा मातीला घासतो. समृद्धी महामार्गाचे काम चालू होते त्या वर्षांत मुरूम आणि गिट्टीचे टिपर याच मुलखातून फिरले. महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो गुळगुळीत आहे, पण शेतापासून डांबरापर्यंतची वाट जुनीच आहे.

आता पाटा काम कसे करतो ते पाहू. गाडीखाली पोलादी पट्ट्यांची कमान असायची ही गोष्ट मोटारीपेक्षा जुनी आहे. लंडनच्या ओबादिया एलियट या बग्गी बनविणाऱ्या कारागिराने १८०४ साली अशा कमानीचे पेटंट घेतले, आणि आपल्याकडचा तांगाही कमानीवरच झुलत असे. तत्त्व तेच राहिले आहे. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे वळविलेले असतात. साधारणपणे पुढचा डोळा जाड पिन आणि बुश घालून चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये पक्का बसतो. मागचा डोळा शॅकलला, म्हणजे हलणाऱ्या दुव्याला लटकतो. असे का? कमानीवर वजन पडले की ती सपाट होते, सपाट झाली की लांब होते, आणि त्या वाढलेल्या लांबीला जायला जागा लागते. ती जागा शॅकल देतो. काही जड गाड्यांत शॅकलऐवजी पाट्याचे टोक ब्रॅकेटमध्ये नुसते सरकते.

मागच्या पाट्यांच्या पक्क्या ब्रॅकेटवर केवळ वजन नसते, ही गोष्ट अनेक मालकांना ठाऊक नसते. चाके गाडीला ढकलतात ती ढकल, आणि ब्रेक लावल्यावर मागे खेचणारी ओढ, ही दोन्ही मुख्य पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून त्या एका ब्रॅकेटवर येते. ते ब्रॅकेट सैल झाले तर एक्सल तिरपा होतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. ते उपटले तर भरल्या गाडीचा मागचा एक्सल जागेवर राहत नाही. तेव्हा “जरा सरकवा” हे शब्द ज्या जागेविषयी बोलले जातात, ती गाडीतील सर्वांत नाजूक जागांपैकी एक आहे.

ब्रॅकेट इंच-दीड इंच सरकविले की शॅकलचा कल बदलतो. शॅकल फार आडवा झाला तर मोठ्या खड्ड्यात तो उलटा फिरून अडकण्याचा धोका असतो. फार उभा किंवा विरुद्ध बाजूस झुकला तर पाट्याला लांब व्हायला जागाच उरत नाही, तो मधून दबतो आणि डोळ्याजवळ तुटतो. काही जण शॅकलच लांब करून घेतात. दोन इंच लांब शॅकलने गाडी दोन इंच उंच होते असा समज आहे. होते एकच इंच, कारण एक्सल पाट्याच्या मध्यावर असतो. त्या एका इंचासाठी गाडी आडवी डोलू लागते, आणि पुढच्या एक्सलवर हा प्रयोग केला तर किंगपिनचा कल बदलून स्टिअरिंग भटकते. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालूनही उंची वाढवितात. मागे एक पक्का ठोकळा एक वेळ चालतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नाही, आणि पुढच्या एक्सलवर तर मुळीच नाही, कारण ब्रेकच्या झटक्याने तो फिरून निसटतो. उंची कशानेही वाढविली तरी प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. गाडी थरथरते, क्रॉस वरचेवर जातात, आणि मालक क्रॉस बनविणाऱ्या कंपनीला शिव्या देत बसतो.

पाटा आखूड किंवा जाड करण्याचा हिशेबही समजून घ्यावा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या घनाने घटतो. १० मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो पाटा सव्वापट नव्हे, जवळजवळ पावणेदोनपट ताठ होतो. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत १२०० मिलिमीटर असलेला पाटा कापून, नवा डोळा वळवून ११०० चा केला तर ताठपणा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. रिकाम्या गाडीत मग टायर उसळतात, आणि जो धक्का पाट्याने गिळायचा तो चेसिसच्या रिबिटांना बसतो. त्यात नवा डोळा भट्टीत लाल करून वळविला आणि पुन्हा नीट पाणी देऊन कस आणला नाही, तर त्या ठिकाणी स्प्रिंगचे पोलाद स्प्रिंगचे राहत नाही.

पाट्यावर वेल्डिंग करू नये, हे सगळे मिस्त्री जाणतात. तरी घाई झाली की टाका मारणारे आम्ही पाहिले आहेत. वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या कडेचे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. शेजारी ब्रॅकेटचे काम चालू असताना उडालेला एक ठिपकासुद्धा चिरेची सुरुवात करतो. भार पडला की ताण पाट्याच्या वरच्या, म्हणजे कमानीच्या आतल्या अंगावर येतो, म्हणून चीर तेथे आधी शोधावी.

सेंटर बोल्टविषयीही एक गैरसमज आहे. तो वारंवार तुटला की पाट्याचे भोक मोठे करून जाड बोल्ट घालतात. सेंटर बोल्टचे काम पाटे आणि एक्सल जागेवर ठेवण्याचे आहे, भार पेलण्याचे नाही. धरून ठेवतात ते यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिले झाले म्हणून सेंटर बोल्ट तुटतो. भोक मोठे केल्याने पाटा नेमका मधोमध कमजोर होतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

चेसिसचा प्रकार आमच्या धंद्याच्या भाषेत चटकन समजतो. विटक्या कापडाला जाड नवे ठिगळ लावले की ते पुढे फाटते ठिगळाच्या कडेला. चेसिसवर ब्रॅकेटच्या मजबुतीसाठी जाड पट्टी आडवी वेल्ड केली की तडा पट्टीच्या टोकाशी जातो, कारण ताठ भाग तेथे एकदम संपतो. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पाळीवर सर्वाधिक ताण असतो. तेथे भोक पाडू नये, वेल्ड करू नये. ब्रॅकेट उभ्या भिंतीवरच्या मूळ भोकांतच बसले पाहिजे. रिबिटी काढून बोल्ट घालावयाचे असतील तर उच्च प्रतीचे आणि भोकात घट्ट बसणारे हवेत. ढिल्या भोकातला साधा बोल्ट काही महिन्यांत भोक लंबगोल करतो.

जी गोष्ट ऐकून आम्ही स्वतः चमकलो ती ब्रेकची आहे. अनेक ट्रक आणि पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व असतो. चेसिस एक्सलच्या किती जवळ आली यावरून तो गाडीतील वजन ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना कमी-अधिक ब्रेक सोडतो. जादा पाटे टाकले किंवा गाडी उंच केली की भार असूनही पाटे दबत नाहीत. व्हॉल्वला वाटते गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. म्हणजे ज्या गाडीत माल जास्त तिलाच ब्रेक कमी! जादा पाट्यांनी एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांपैकी कशाचीही ताकद वाढत नाही. फक्त गाडी खाली बसलेली दिसत नाही, आणि मालकाला वाटते अजून चार गाठी मावतील. आमच्यासारखे व्यापारीही एका फेरीचे भाडे वाचविण्यासाठी “एवढे तर घेऊन जा” म्हणतात. त्या गाडीखाली ड्रायव्हर असतो, क्लीनर असतो, आणि घाटात समोरून कोणीतरी येत असतो.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपासून आणि नोंदणीपासून वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, आणि जादा वजनासाठी २०,००० रुपये व वर प्रत्येक टनास २,००० रुपये अशी तरतूद केली. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न या फेरफारावरच काढू शकते. काही मालक २०१८ च्या अधिसूचनेचा दाखला देतात. त्या वर्षी दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले, हे खरे. परंतु कागदावर आकडा वाढला म्हणून जुन्या ट्रकचा पाटा जाड झाला नाही. आपल्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात जे वजन लिहिले आहे तेच आपले.

मग पांदणीच्या वाटेवर करावे काय? खडकाळ कामासाठी कंपन्या टिपरची वेगळी रचना देतात. तिचे पाटे, ब्रॅकेट, एक्सल, ब्रेक हे सर्व एकमेकांना धरून बनविलेले असते. काम तसेच असेल तर तीच गाडी घ्यावी. आहे त्या गाडीत मूळ मापाचे पाटे घालावेत, झिजलेले बुश आणि पिन वेळेवर बदलावेत, निपलमध्ये ग्रीस जाते की बाहेरूनच पुसले जाते ते पाहावे. गाडी बसली आहे असे वाटते तेव्हा निम्म्या वेळा दोष थकलेल्या पाट्यांचा असतो, ब्रॅकेटच्या जागेचा नव्हे. अलीकडच्या गाड्यांत मध्ये जाड, टोकाकडे पातळ असे मोजकेच पाटे असतात. त्यांत जुन्या पद्धतीचा सपाट पाटा मध्ये कोंबू नये.

पाटेकाम करणाऱ्या कारागीर बांधवांना आमची एक विनंती आहे. गिऱ्हाईक सांगेल ते करून देणे म्हणजे हुन्नर नव्हे. काम घेण्याआधी डावी-उजवी उंची आणि शॅकलचा कल मोजावा, काय बदलले ते बिलावर लिहावे, आणि ब्रॅकेट सरकविण्यास नकार द्यावा लागला तर कारण सांगून द्यावा. नकार ऐकून चार गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जातील. पण एरव्ही तेच गिऱ्हाईक पाटा तुटल्यावर रात्री दोन वाजता फोन करते आणि दोष तुमच्या हाताला देते.

जुना टिपर किंवा ट्रक विकत घेणाऱ्याने रंग बघण्याआधी गाडीखाली वाकावे. ब्रॅकेटभोवती वेल्डिंगचे ओघळ, जुनी बुजविलेली भोके, रिबिटीखालून गंजाची लाल रेघ दिसली तर ब्रॅकेट हलले आहे असे समजावे. मग एक दोरी घ्यावी आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. चाके सरळ असताना दोन्ही मापांत दिसण्याजोगा फरक आला तर एक्सल तिरपा आहे, आणि सौदा त्या हिशेबाने करावा किंवा सोडून द्यावा. पाटे नवे घातले असतील तर यू-बोल्टही नवे मागावेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितका धरत नाही. ते आडव्या क्रमाने थोडेथोडे आवळून घ्यावेत, आणि पहिली भरलेली फेरी करून आल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.