इत्सिंगने पाहिलेली भिक्षुणींची दिनचर्या

प्राचीन भिक्षुणींच्या जीवनाचा विषय निघाला की आपण थेरीगाथेकडे अथवा विनयपिटकाकडे वळतो. थेरीगाथेत त्यांचे अंतःकरण दिसते, विनयात नियम दिसतात. परंतु विहारातील त्यांचा साधा दिवस कसा जात असे, हे डोळ्यांनी पाहून लिहिणारा एक परदेशी होता, तो म्हणजे चिनी भिक्षु इत्सिंग.

इ.स. ६७१ मध्ये तो समुद्रमार्गे निघाला आणि ६७३ मध्ये ताम्रलिप्तीस, म्हणजे आजच्या पश्चिम बंगालमधील तामलुक येथे पोहोचला. तेथील विहाराची रीत त्याने बारकाईने टिपली आहे. भिक्षुणी भिक्षूंकडे जात त्या वर्दी देऊनच. भिक्षूंनाही भिक्षुणींच्या निवासात जाण्यापूर्वी विचारणा करावी लागे. बंधन एकट्या भिक्षुणींवर नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. विहाराबाहेर त्या दोघी मिळून चालत आणि गृहस्थाच्या घरी जाणे भागच पडले तर चौघी जात. पालि विनयातही भिक्षुणीने एकटीने गावात जाणे, नदी ओलांडणे वा रात्री वेगळे राहणे हा संघादिसेस दोष मानला आहे. इत्सिंगची परंपरा मूलसर्वास्तिवादी. तेव्हा प्रत्येक तपशील पालि विनयाशी जुळावा, असा आग्रह आम्ही धरीत नाही. मात्र अशा नियमांमागे अविश्वासापेक्षा सुरक्षिततेचा विचार अधिक आहे, असे आमचे मत आहे.

अन्नाविषयीचे त्याचे निरीक्षण अधिक बोचरे आहे. भारतातील भिक्षुणी भिक्षेवर निर्वाह करतात, अत्यंत साधेपणाने राहतात, त्यांना होणारा लाभ तुटपुंजा असतो आणि अनेक विहारांत त्यांच्यासाठी अन्नाची वेगळी तरतूदच नसते, असे तो नोंदवितो. नालंदा महाविहाराकडे दोनशेहून अधिक गावे होती, हेही त्याच इत्सिंगने लिहून ठेवले आहे! थेरीगाथेतील चंदा ही निराधार विधवा सात वर्षे दारोदार भटकली आणि अन्नपान लाभलेली भिक्षुणी पाहून प्रव्रज्येकडे वळली. आपल्या कान्हेरी व कुडा येथील शिलालेखांत तर भिक्षुणी स्वतः दान देणाऱ्या आहेत. तेथपासून इत्सिंगच्या काळापर्यंत भिक्षुणीसंघाचा आधार किती आटला होता, याची कल्पना यावरून येते.

पुढे भारतात ही परंपरा खंडित झाली. १९९६ मध्ये सारनाथ येथे श्रीलंकेच्या दहा दससीलमातांना उपसंपदा मिळाली. १९९८ मध्ये बुद्धगया येथे अनेक देशांतील स्त्रियांना ती देण्यात आली. उपसंपदेचा प्रश्न असा काही अंशी सुटला, परंतु तरतुदीचा प्रश्न इत्सिंगने मांडला तसाच समोर उभा राहतो.

बुलढाणा जिल्ह्यात, हिवरा आश्रम व मेहकर परिसरातील एखाद्या विहाराने वर्षावासासाठी भिक्षुणीस निमंत्रण द्यावयाचे ठरविल्यास एकटीला बोलावू नये. तिला नियमभंगास आपणच भाग पाडल्यासारखे होते. निमंत्रण निदान दोघींना असावे. जवळपास भिक्षूंचा आवास असावा, कारण गरुधम्मांत तशी अट आहे. निवासास आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली व लगत स्नानगृह हवे. भोजन मध्यान्हापूर्वी व्हावयाचे असल्याने शेतीची कामे ऐन भरात असताना सकाळी कोणत्या घरातून डबा यावयाचा, याची यादी उपासिकांनी आषाढ पौर्णिमेपूर्वीच लावून घ्यावी, आणि औषधपाणी व प्रवासखर्चाची रक्कम विहाराच्या हिशेबात वेगळी दाखवावी.