परीक्षानळीतले पिकोसेकंद

इथेनॉल आणि पाणी समसमान मिसळलं की परीक्षानळी बोटांना कोमट लागते. शिवाय ५० मिलिलिटरमध्ये ५० मिलिलिटर ओतूनही १०० भरत नाहीत, ९६च्या आसपास भरतात. रंग बदलत नाही, बुडबुडे येत नाहीत. तरीही आत काहीतरी घडलेलं असतं. पाण्याच्या रेणूंचे आपसातले हायड्रोजन बंध तुटून अल्कोहोलशी नवे जुळलेले असतात.

हे जुळणं-तुटणं मोजायची एक पद्धत मराठवाड्यात रुजली आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं याची मला खंत वाटते. औरंगाबादच्या विद्यापीठात एस. सी. मेहरोत्रा यांच्या गटाने टीडीआर, म्हणजे टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री, द्रवांसाठी वापरली. कुंभारखाणे, पुराणिक आणि मेहरोत्रा यांचा टर्शरी ब्युटिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावरचा निबंध १९९१ साली फॅरडे ट्रान्झॅक्शन्स या नियतकालिकात छापून आला. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. पुढे ए. सी. कुंभारखाणे यांच्याबरोबर हे काम विष्णुपुरीच्या परिसरातल्या भौतिकशास्त्र संकुलात आलं. लातूर, परभणी, हिंगोलीची मुलंही याच विद्यापीठाची.

विहिरीत हाक मारली की घुमून येणाऱ्या आवाजावरून आतलं पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो, तसंच हे. केबलमधून साधारण २०० मिलिव्होल्टचा पल्स सोडायचा. तो चढायला सुमारे ४० पिकोसेकंद लागतात. एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, प्रकाशसुद्धा ०.३ मिलिमीटरच पुढे सरकतो, यावरून हा वेळ केवढासा आहे ते कळावं. केबलच्या टोकाला द्रवाचा इवलासा सेल असतो, त्यातली पिन मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. आधी सेल रिकामा ठेवून परतलेला पल्स नोंदवायचा, मग द्रव भरून. दोन्हींची बेरीज आणि वजाबाकी फूरिए रूपांतरातून गेली की कोणत्या वारंवारतेला द्रव कसा वागतो ते उलगडतं.

सगळी गंमत सेल भरताना असते. पिनेपाशी हवेचा एक कण अडकला तर वक्र चक्क खोटा येतो, आणि पडद्यावर तो खऱ्यासारखाच दिसतो. परतलेला पल्स टिपणारं सॅम्पलिंग हेड स्थिर विजेला इतकं नाजूक की मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय कनेक्टरला हात लावायचा नाही. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३वर गेला की उघड्या बीकरमधलं इथेनॉल बघता बघता उडतं. मग लेबलवर ३० टक्के लिहिलेलं मिश्रण ३० टक्क्यांचं उरत नाही. म्हणून झाकण घट्ट, वॉटर बाथ २५ अंशांवर, आणि तापमान ठरल्याशिवाय रीडिंग नाही.

२५ अंशांना पाण्याचा रिलॅक्सेशन टाइम, म्हणजे रेणूंना वळायला लागणारा वेळ, ८ पिकोसेकंदांच्या जरा वर, मिथेनॉलचा ५०च्या जवळपास, इथेनॉलचा १६०च्या आसपास. म्हणजे पाण्याचा हा वेळ पल्स चढण्याच्या वेळेपेक्षाही कमी. त्याचं सर्वाधिक शोषण १९ गिगाहर्ट्झपाशी होतं आणि यंत्राची झेप २०-३० गिगाहर्ट्झपर्यंतच. शुद्ध पाणी हेच सर्वांत अवघड सॅम्पल! त्यामुळे ओळखीच्या द्रवांवर कॅलिब्रेशन करण्यात जो आळस करेल, त्याचं पाणी कधीच बरोबर येणार नाही.

मात्र टीडीआरला असंख्य रेणूंचं एकत्रित वळणं कळतं. कोणत्या अणूपाशी काय झालं, ते कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण लागतात, तेही फेमटोसेकंदांच्या स्पंदांत. फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर द्रावणांचं क्ष-किरण शोषण मोजता येतं, पण अशा साठवण-कड्यांमधले स्पंद साधारण दहा-शंभर पिकोसेकंदांचे असतात. कॅलिफोर्नियात २००९ साली सुरू झालेल्या क्ष-किरण लेझरने ती वेस ओलांडली. त्याच वर्षी क्रिस्टियान ब्रेसलर, माजेद शेर्गी आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडच्या सिंक्रोट्रॉनवर, स्पंद मुद्दाम बारीक कापून, एक सुरेख गोष्ट दाखवली होती. पाण्यात विरघळलेल्या लोहाच्या संयुगावर प्रकाश पडला की लोह आणि नायट्रोजन यांच्यातलं अंतर सुमारे ०.२ अँगस्ट्रॉमने वाढतं, आणि त्याला १५० फेमटोसेकंद लागतात. हे वाचून मी बराच वेळ त्या आकड्याशीच थांबलो होतो.

तिथे द्रव सेलमध्ये कोंडत नाहीत. केसासारखी बारीक धार सोडतात, कारण क्ष-किरण पडलेला थेंब बिघडतो आणि पुढच्या स्पंदाला ताजा थेंब हवा असतो. ती धार न फाटता, न थरथरता राखणं हे हाताचं काम आहे. नांदेडला पिनेपाशी बुडबुडा न राहू देणाऱ्या मुलाला ते परकं वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं. तशा यंत्रांवर बीमटाइम, म्हणजे प्रयोगासाठी वेळ, मागायला इथली मुलं पुढे आली पाहिजेत.

प्रश्नही शिल्लक आहेत. फ्रँक आणि इव्हान्स यांनी १९४५ साली सुचवलं, की अल्कोहोलच्या तेलकट शेपटीभोवती पाणी बर्फासारखं बांधलं जातं. त्यावर अजून वाद चालू आहे. शेपटीभोवतीचं पाणी किती मंदावतं हे टीडीआर सांगू शकतं. ते खरंच बर्फासारखं रचलेलं असतं का, हे मात्र क्ष-किरणांसारख्या रचना दाखवणाऱ्या साधनांनाच विचारावं लागेल.