गडावर किंवा संग्रहालयात जाताना प्रश्न कुठला न्यायचा?

रायगडच्या रोपवेची रांग हिरकणीवाडीत लागते. सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तास उभं राहावं लागतं आणि वर पोचायला लागतात जेमतेम पाच मिनिटं. संशोधनाची तयारी करत असाल तर ते दोन तास वाया घालवू नका. रांगेतच एक काम करून टाका: वहीत एक प्रश्न लिहा. ‘रायगड बघणे’ हा प्रश्न नव्हे. तो सहलीचा बेत झाला.

पीएच.डी.च्या मुलाखतीत हीच गडबड होते. ‘मला मध्ययुगीन धर्मेतिहासावर काम करायचंय’ असं आपण सांगतो, समोरचे विचारतात, ‘म्हणजे नक्की काय?’ आणि आपली बोबडी वळते. माझीही वळली होती. म्हणून आज एकच उदाहरण घेऊन बोलतो. अर्धं उदाहरण या गडावरचं आहे आणि अर्धं पार लांबचं, झेक प्रजासत्ताकातल्या ताबोर गावातलं. तिथल्या जुन्या टाउन हॉलमध्ये हुसाइट चळवळीचं संग्रहालय आहे. अशा जागी जाताना काय विचारायचं हे दोन्ही जागा शेजारी ठेवल्या की जास्त नीट दिसतं.

आधी ताबोर. यान हुस हा प्रागमधला धर्मोपदेशक. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेनं त्याला पाखंडी ठरवलं आणि ६ जुलै १४१५ ला जिवंत जाळलं. त्याच्या अनुयायांचं चिन्ह होतं प्याला. कारण असं की त्या काळी चर्चमधल्या प्रसादात सामान्य माणसाला फक्त भाकर मिळायची, द्राक्षारस एकटा पुरोहित प्यायचा. प्रागमध्ये १४१४ मध्ये याकूबेक नावाच्या पुरोहितानं लोकांनाही प्याला द्यायला सुरुवात केली. परिषदेनं पुढच्याच वर्षी त्यावर बंदी घातली. १४२० मध्ये या चळवळीतल्या जहाल लोकांनी ताबोर वसवलं, यान झिझ्का त्यांचा सेनापती झाला, आणि बरीच वर्षं लढाया चालल्या. १४३४ मध्ये लिपानीला जहालांचा पराभव झाला तो बाहेरच्या शत्रूकडून नाही, मवाळ हुसाइटांनी कॅथलिकांशी हातमिळवणी केली म्हणून. १४३६ च्या तडजोडीत बोहेमियातल्या लोकांना प्याला अखेर मिळाला.

आता हेच गडावर आणा. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ६ जून १६७४. गागाभट्टांनी वैदिक पद्धतीनं राज्याभिषेक केला. त्याच्या काही दिवस आधी महाराजांची मुंज झाली, कारण क्षत्रिय म्हणून वैदिक संस्कारांचा अधिकार आधी सिद्ध व्हायला हवा होता. एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण साडेतीन महिन्यांनी, अश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबर १६७४ रोजी याच गडावर दुसरा राज्याभिषेक झाला. तो तांत्रिक पद्धतीचा होता आणि निश्चलपुरी गोसाव्यानं केला. ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथ त्याच्याच बाजूनं लिहिलेला आहे. पहिल्या विधीत देवतांची नीट शांती झाली नाही, म्हणून अपशकुन घडले, असं त्याचं म्हणणं. पहिल्या राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, जिजाबाई पाचाडला वारल्या हे लक्षात घेतलं की हा युक्तिवाद तेव्हा ऐकणाऱ्याला कसा वाटला असेल याची थोडी कल्पना येते.

म्हणजे दोन्हीकडे भांडण विधीचं आहे. कुठला विधी खरा, तो कोणाला करता येतो, आणि हे ठरवणारा कोण? हा झाला प्रश्न. ‘मध्ययुगीन धर्मेतिहास’ या गाठोड्यातून काढलेला, वहीत एका ओळीत मावणारा.

इथं एक मोह होतो, तो आत्ताच सांगून ठेवतो. महाडवरून वर येताना तुम्ही चवदार तळ्याजवळून आलेले असता. प्यायचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तिथं २० मार्च १९२७ ला विचारला गेला. प्याला, अभिषेकाचं पाणी, तळ्याचं पाणी, असं सुंदर वाक्य मनात लगेच तयार होतं. ते भाषणात ठीक आहे, प्रबंधात नको. बोहेमियातला प्याला पुरोहित आणि सामान्य भाविक यांच्यातली रेषा पुसायला निघाला होता. १६७४ मध्ये एका राजाला त्या रेषेच्या पलीकडे जागा हवी होती, रेषा तशीच राहिली. १९२७ चा सत्याग्रह माणूस म्हणून हक्काचा होता. तिन्हींत साम्य किती आणि कुठं तुटतं हे दाखवता आलं तरच तुलना करा.

रोपवेतून उतरल्यावर जगदीश्वराच्या मंदिराकडे चला. बाजारपेठ ओलांडून पुढं जावं लागतं. दाराजवळच्या भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोर फोटो काढून पुढं जातात. तुम्ही तिथं वीस मिनिटं काढा. त्यात वर्ष आकड्यांत दिलेलं नाही, शब्दांत दिलंय: षट्, नव, बाण, भूमी. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, बाण म्हणजे पाच (मदनाचे पाच बाण), भूमी एक. हे आकडे उजवीकडून डावीकडे लावायचे: १५९६. हा शक. त्यात ७८ मिळवा, १६७४. संवत्सर आनंद. सिंहासनावर बसलेल्या छत्रपती शिव राजाच्या अनुज्ञेनं हिरोजीनं हे काम केलं, असं लेख सांगतो. म्हणजे ‘छत्रपती’ हे पद त्याच वर्षीच्या दगडात आहे. बखरींपेक्षा या पुराव्याचं वजन वेगळं पडतं. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सर्वांत जुनी मानली जाते, पण तीही १६९७ ची, जिंजीत लिहिलेली.

आता वर बघा. मंदिराला घुमट आहे. तुमच्या मागं उभा असलेला कोणीतरी हमखास सांगेल, ‘मुसलमानांनी फोडू नये म्हणून मुद्दाम मशिदीसारखं बांधलंय.’ हे ऐकून लगेच वाद घालू नका आणि लगेच लिहूनही घेऊ नका. तपासा. लपवायचंच होतं तर दाराशी देवाचं नाव घेणारा लेख कशाला कोरला असता? समोर नंदी कशाला ठेवला असता? आणि घुमट ही तेव्हाच्या दख्खनमधली रोजची बांधकामपद्धत होती. १६२९ मध्ये मारले गेलेले लखुजी जाधवराव, जिजाबाईंचे वडील, यांची सिंदखेडराजाची समाधी बघा, तिलाही घुमट आहे. गवंडी तेच, हत्यारं तीच, सवय तीच. यावरून ‘वेषांतराची’ गोष्ट पडते असं मला वाटतं. पण ती गोष्ट फेकून देऊ नका. घुमट दिसला की मशीदच आठवावी, आणि मग त्याचं कारण द्यावं लागावं, हे कधीपासून सुरू झालं? हा एकोणिसाव्या-विसाव्या शतकावरचा चांगला प्रश्न आहे, फक्त १६७४ चा नाही.

हिरकणीचंही तसंच. दूध विकायला वर गेलेली आई, बंद झालेले दरवाजे, घरी राहिलेलं तान्हं बाळ, कडा उतरून जाणं, आणि मग तिथं बुरूज. ही तोंडातोंडी आलेली गोष्ट आहे. ‘खरी का खोटी’ एवढंच विचारलंत तर संशोधन तिथंच संपतं. वाडीचं नाव हा पुरावा आहेच, फक्त तो घटनेचा नाही, आठवणीचा आहे. गडाच्या कथेत राजे, पंडित, सरदार यांच्या शेजारी खालच्या वाडीतल्या एका गवळणीला कोणी जागा दिली, आणि का टिकली ती? वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलायला बसलात तर आधी त्यांना सांगू द्या. तुमची माहिती नंतर.

साक्षीदारांचा मुद्दा राहिला, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. पाचाडला त्याला ताटकळत थांबावं लागलं, मग वर बोलावणं आलं. सिंहासनाजवळ भाल्यांच्या टोकांवर काय काय लावलं होतं, सोन्याचा तराजू होता, हे त्यानं लिहून ठेवलं. किती बारकाईनं बघितलंय असं वाटतं. पण तो आला होता व्यापाराच्या तहासाठी. मंत्रांचा अर्थ हा त्याचा विषयच नव्हता. आणि काम झाल्यावर तो जूनमध्येच परत गेला, त्यामुळे सप्टेंबरचा विधी त्याच्या कागदांत असण्याचं कारणच नाही. ज्या साक्षीदारावर आपण इतके विसंबतो तो अर्ध्या घटनेला गैरहजर होता.

ताबोरला असाच एक पाहुणा १४५१ मध्ये गेला: एनेआ सिल्व्हिओ, पुढं दुसरा पायस नावानं पोप झालेला. वेशीवर दोन ढाली टांगलेल्या त्यानं पाहिल्या. एकीवर प्याला घेतलेला देवदूत, दुसरीवर आंधळा झिझ्का. वर्णन अतिशय उपयोगी, पण माणूस या लोकांचा पक्का विरोधक. बरं, घरचा साक्षीदार तरी निर्मळ असेल म्हणाल, तर तेही नाही. हुसाइटांचा मोठा इतिहासकार वाव्र्झिनेत्स हा स्वतः हुसाइट, पण मवाळ गटातला, ताबोरकरांवर चिडलेला. ‘कल्पतरु’ आठवा. तोही घरातल्याच प्रतिस्पर्ध्याचा आवाज आहे.

शिवाय ताबोरचे जहाल लोक मूर्ती आणि चित्रं मानत नसत, फोडत असत. अशांच्या संग्रहालयात कपाटात ठेवायला काय उरणार? शस्त्रं, पोथ्या, आणि शत्रूंनी लिहिलेलं. रायगडावर १६८९ मध्ये मोगल आले, आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गड पेटला. रिकामी जोती तुम्ही चालताना बघताच. म्हणून दोन्ही ठिकाणी वहीत एक रकाना ठेवा: ‘इथं काय नाही?’

शेवटचं, थर. समाधीचं आजचं रूप विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचं आहे. टिळकांनी गडावर शिवाजी उत्सव केला १८९६ मध्ये. वाघ्या कुत्र्याचं स्मारक १९३६ चं. होळीच्या माळावरचा पुतळा, मेघडंबरी, सगळं त्यानंतरचं. ताबोरचं संग्रहालय १८७८ चं, म्हणजे झेक राष्ट्रवाद भरात असतानाचं. कम्युनिस्ट राजवटीत त्याचं नाव ‘हुसाइट क्रांतिकारी चळवळीचं संग्रहालय’ होतं, आता ‘क्रांतिकारी’ गेलं. एका शब्दाच्या येण्याजाण्यात केवढा इतिहास आहे बघा. त्यामुळे पाटी वाचताना मजकुराइतकंच ती कोणी आणि कधी लावली हेही टिपून घ्या. फोटोत पाटीचा खालचा कोपरा कापू नका, बहुतेकदा साल तिथंच असतं.

वहीचं डावं पान ‘मला काय दिसलं’ आणि उजवं ‘मला काय सांगितलं गेलं’ असं वाटून घ्या. घरी येऊन दोन्ही पानं एकत्र वाचली की कुठं जुळत नाही ते कळतं. प्रस्तावाचा पहिला परिच्छेद मला तरी नेहमी तिथूनच मिळाला.

जायचं असेल तर जूनची गर्दी टाळा. राज्याभिषेक दिन तारखेनं एकदा आणि तिथीनं एकदा साजरा होतो, दोन्ही वेळा शिलालेखापर्यंत पोचणं मुश्किल. २४ सप्टेंबरच्या आसपास जा. पाऊस ओसरत असतो आणि त्या तारखेलाही अलीकडे काही लोक गडावर जमतात. ते कोण आहेत, दुसराच विधी त्यांना का आठवावासा वाटतो, हे त्यांनाच विचारा. छत्री मात्र न्या, पायऱ्यांवर शेवाळ असतं.