शब्दाचा जोर कुठं पडतो?

आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. पैंजण जोडायला घरातल्या बायकाही बसतात. माल परराज्यात जातो आणि तिथलं गिऱ्हाईक फोनवर आकडे इंग्रजीत सांगतं. मागं आमच्या गटाचा असाच घोटाळा झाला. गिऱ्हाईकानं 'फिफ्टीन पेअर्स' सांगितलं, आम्ही 'फिफ्टी' ऐकलं. पन्नास जोड तयार केले आणि पस्तीस जोडांची चांदी न् मजुरी अडकून पडली. मग मुलींच्या डिक्शनऱ्या घेऊन बसलो, चुकलं कुठं ते बघायला.

मराठीत आपण शब्दाचा प्रत्येक तुकडा जवळजवळ सारख्याच जोरानं म्हणतो. इंग्रजीत मोठ्या शब्दातल्या एकाच तुकड्यावर मुख्य जोर येतो, त्याला आघात म्हणतात. बाकीचे तुकडे घाईनं उरकतात, काही तर गिळूनच टाकतात. 'सर्टिफिकेट' म्हणताना जोर 'टि'वर, आणि शेवटचं 'केट' नुसतं 'किट' ऐकू येतं. म्हणून वाचलेला शब्दसुद्धा कानाला ओळखू येत नाही. त्यात आपण अडाणी असण्याचा काही संबंध नाही, बरं का.

डिक्शनरीत उच्चारापाशी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते. जोर तिच्या पुढच्या तुकड्यावर.

शब्दाच्या शेवटी 'शन' असलं की जोर त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर. ॲप्लिकेशनमध्ये 'के', रजिस्ट्रेशनमध्ये 'स्ट्रे', कोटेशनमध्ये 'टे'. बँकेतले निम्मे शब्द इथंच आले! क्वालिटी, सिक्युरिटी, इलेक्ट्रिसिटी यांत शेवटून तिसरा तुकडा धरायचा. कमिटी या घरातली नाही, तिच्यात जोर मधल्या 'मि'वर. आणि 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर असतो, तो 'फोटोग्राफर' म्हणताना सरकून दुसऱ्या तुकड्यावर जातो.

आता आमचा आकडा. 'फिफ्टी'त जोर पहिल्या तुकड्यावर. 'फिफ्टीन' सुटं म्हटलं तर 'टीन'वर. पण पुढं 'पेअर्स'सारखा शब्द लागला की तो जोर पुष्कळदा मागं 'फिफ्'वर सरकतो आणि दोन्ही आकडे सारखेच वाटतात. आम्ही फसलो ते तिथंच. थर्टीन-थर्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी यांचंही तसंच.

आता आम्ही फोनवरच विचारतो, "वन फाइव्ह की फाइव्ह झिरो?" आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर लिहून आल्याशिवाय चांदी काढत नाही.